धाकलूदादाचं विमान चुकलं तो दिवस

"ठकी?"

धाकलूदादानं हाक मारली आणि कोणीच ओ दिली नाही.

आमचे दोन्ही ट्रक वीटभट्टीवरून नुकतेच पाड्यात आले होते. दिवाळीनंतर गेलेलो आम्ही, मे संपता संपता परत आलो. सगळ्यांच्या अंगावर लाल धूळ, पोरं उलट्या करून अर्धमेली, आणि बायांना कधी एकदा घर उघडते असं झालेलं. पण दादा ट्रकच्या फाळक्याला हात लावून उभा. त्यानं नाव घेतल्याशिवाय कोणी हलायचं नाही, हा त्याचा कायदा. हातात कागद नाही, काही नाही. सगळा पाडा त्याच्या डोक्यात असतो, परवा जन्मलेल्या पोरासकट.

"ठकी!" दादा परत बोलला.

"दुसऱ्या ट्रकात असंल," आमच्या ट्रकातली निर्मलाकाकी बोलली.

"आमच्यात कुठं हाय? तुमच्यात चढली ना ती?" दुसऱ्या ट्रकातनं मंगेश ओरडला.

मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. म्हादू मुकादम तंबाखू मळत पुढं आला. "दादा, माझ्या जोड्या बरोबर हायत. मी सवता एक एक नाव घेऊन चढवल्यात."

"जोड्या बरोबर हायत रे. मानसं बरोबर नायत," दादा बोलला.

भट्टीवर माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा चिखल करतो, बायको विटा पाडते, अशी एक जोडी. जोडीला नाव पुरुषाचं. म्हादू ट्रकजवळ उभा राहून हाक मारतो, "चंदर!" की माझा बाप चढतो, मागून आई चढते, मागून आम्ही. ठकीमावशीच्या जोडीचं नाव होतं धाऊ. आणि धाऊमामा शिमग्याला तापानं गेला होता, तिथंच, भट्टीवर. म्हणजे त्या जोडीचं नावच उरलं नव्हतं. म्हादूनं मेलेल्या माणसाला हाक मारली नाही, आणि त्याच्या बायकोला काय म्हणून हाक मारायची ते त्याला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

"पिंके," दादा माझ्याकडं वळला, "भट्टी कुठं हाय, वाट दाखवशील?"

"दाखवीन की."

आता सावळाराम मधे आला. सावळाराम म्हणजे आमच्या पक्षाचा शहापूरचा माणूस. पक्षाचं नाव इथं घेत नाही, उगाच कोणतरी भांडायला यायचा. सावळाराम सकाळपासून पांढरी गाडी चालू ठेवून बसलेला. दादाला विमानात बसवून दिल्लीला धाडायचं, एवढं एकच काम त्याच्याकडं, आणि घाम मात्र दहा जणांचा.

"दादा, काय करता काय? दिल्लीत सगळा देश येऊन बसलाय! गाडी मी पाठवतो भट्टीवर. चंदरला पाठवू. तुमी निघा."

"चंदर गेला तं शिव्या खाऊन परत येल. ठकी नाय येयाची. मी वळखतो तिला." दादा गाडीत बसलासुद्धा. "मुरबाडवरनंच जाऊ. वाटेतच भट्टी हाय. तिला उचलू, हिच्याबरोबर रिक्षात बसवू, आन् आपन कल्याणवरनं सरळ विमानतळ. होतंय."

सावळारामनं कपाळाला हात लावला, पण गिअर टाकला.

वाटेत तो सारखा फोनवर. त्या दिवशी संध्याकाळी दिल्लीत पक्षाचा अध्यक्ष निवडायचा होता, सगळ्या देशाचा. एका बाजूला आमचा दादा आणि दुसऱ्या बाजूला एक जुना खासदार, त्याच्या बापापासून खासदारकी घरातच. नियम असा की ज्याचं नाव पुकारतील त्यानं हॉलमध्ये उभं राहून हजर म्हणायचं. नसला तर नाव बाद, दुसऱ्याच्या गळ्यात हार. म्हणजे दादाचं विमान चुकलं की संपलं. तीस वर्षं घासली ती गेली.

आमच्या पाड्यातला माणूस तिथपर्यंत गेला कसा, ते मी सांगते. पेपरवाले काहीही लिहितात.

दादा लहानपणी ढोरं राखायचा. आश्रमशाळेतून दोनदा पळून आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ठकीमावशीनं, ती पण तेव्हा एवढीशीच, दगड मारत त्याला परत ओढ्यापलीकडं हाकलला. असं ती सांगते. दादा म्हणतो दगड नव्हते, शेण होतं. तर तो शाळेत परत गेला, शिकला, वायुदलात भरती झाला, तिथं इंजिनं उघडायला शिकला. तिथून सुटल्यावर परीक्षा देऊन मोठ्या विमानांचा इंजिनिअर झाला, मुंबईत. विमान दुरुस्त झालं की शेवटची सही त्याची. त्या सहीशिवाय पायलट बटणाला हात लावत नाही.

तिथं हत्यारांची फळी असते म्हणे. प्रत्येक पान्ह्याची जागा त्याच्याच आकारात कापलेली. पाळी संपली की सगळी हत्यारं जागेवर पाहिजेत. एका सकाळी एक पान्हा कमी निघाला. विमानात माणसं बसलेली, पुढच्या सीटवर कोणी मंत्री. साहेब बोलला, सही कर, पान्हा मागून मिळेल. दादा बोलला, नाही. मंत्री उतरून शिव्या घालायला लागला. दादा त्याच्यासमोर उभा राहून बोलला, साहेब, माझा एक कमी आहे. सगळं विमान रिकामं केलं, पत्रे उघडले. पान्हा पंखात सापडला, पंखाचा पुढचा-मागचा पत्रा हलवतात ना, त्या तारांच्या मधे. वर गेल्यावर तारा अडकल्या असत्या तर काय झालं असतं ते मला विचारू नका, मी नववीतून सोडलेली आहे. पण कळतं.

आणि इनाम काय? दादाला घरी बसवला. का, तर उशीर केला. मग हँगरमधले सगळे खाली मांडी घालून बसले. तो येईपर्यंत आम्ही पण पान्हा धरत नाही. त्याला परत घ्यावं लागलं, आणि कामगारांनी त्यालाच पुढारी केला. मग सगळ्या विमानतळांचे कामगार, मग सामान उचलणारे, झाडू मारणारे, मग ऊसतोडीवाले, भट्टीवाले. असं करत करत देशभर. मधे दोनदा निवडणूक हरला, एकदा जिंकला. पण आमचे ट्रक यायच्या दिवशी तो कुठंही असो, पाड्यात हजर. फाळक्याला हात लावून उभा.

किन्हवली गेली, सरळगाव गेलं. मुरबाड ओलांडून नदीकडं मातीचा रस्ता लागला तसा मी हात दाखवला. सावळाराम घड्याळ बघत शिव्या देत होता. मोठ्यानं नाही, तोंडातल्या तोंडात.

भट्टी ओसाड. आम्ही राहायचो त्या झोपड्यांचे पत्रे काढून नेलेले, कच्च्या विटांच्या भिंती तेवढ्या उभ्या. कालपर्यंत जिथं आमच्या चुली पेटत होत्या तिथं राख उडत होती. आणि मधोमध, ट्रक उभे होते बरोबर त्या जागेवर, ठकीमावशी गाठोड्याला टेकून बसलेली. पायाशी उलटं घमेलं, घमेल्याखाली कोंबडी ओरडतेय.

भट्टीचा राखणदार बुधू पळत आला. "दादा, पाटेपासनं बसलीय. भाकर दिली, घेतली नाय. बोलायला गेलो तं विटकर मारली मला. ह्ये बघा."

मावशीनं आमच्याकडं बघितलं. डोळ्यांवर हात धरून. "कोन हाय? इमानवाला का?"

"हां. मी हाय."

"कशाला आलास? मतं तं झाली मागल्या साली. तवा पन नाय दिलं मी तुला. रांग मोठी व्हती."

"तुला न्यायला आलो."

"मला नेनारे गेले. हात हालवीत गेले." तिनं माझ्याकडं मान वळवली. "आन् ही भवानी पन गेली."

"मावशे, आमाला वाटलं तू दुसऱ्या ट्रकात हायस..."

"वाटलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की घमेल्याखालची कोंबडी गप्प झाली. "म्हादू हितं उभा. चंदर, चढ. मंगेश, चढ. रंगू, चढ. मी गाठोडं बांधून हितं, असं, उभी. म्हटलं आता बोलंल, आता बोलंल. सगळी नावं झाली. फाळका लावला. मंग मी कोनाच्या मागं चढू?"

"आपलं आपन चढायचं ना मावशे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"का? मी काय शेळी हाय, मोकळा ट्रक दिसला की उडी मारली?"

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे गप्प बस. मी बसले गप्प. मला राग आला होता, पण तिच्यावर की माझ्यावर की म्हादूवर, काय कळत नव्हतं. मी म्हादूवर ठेवला.

"चल ठके. घरी जाऊ," दादा बोलला.

"मी हितंच ऱ्हाते. धाऊ पन हितंच हाय." तिनं नदीकडं हनुवटी केली. तिथं खडकावर धाऊमामाला जाळला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे परत विटा पाडायला बसलो होतो, ती पण. चिखल कोणी करायचा, तर एक दिवस माझ्या बापानं केला, एक दिवस मंगेशनं, मग तीच स्वतः उतरली चिखलात. पायानं तुडवायची आणि हातानं पाडायची. अख्खी जोडी एकटीच.

दादा तिच्यासमोर मातीत बसला. इस्त्रीची पांढरी पँट त्याची, दिल्लीसाठी घातलेली. सावळाराम गाडीपासून आमच्यापर्यंत आणि आमच्यापासून गाडीपर्यंत फेऱ्या मारत होता. शेवटी राहवलं नाही त्याला.

"मावशी, दादांना दिल्लीला जायचंय वो. पूर्ण देशाचे अध्यक्ष होनार हायत. विमान हाय. आता निघालो तं मिळंल, नायतर गेलं."

"मंग जाऊ दे ना त्याला! मी काय धरून ठेवलाय? जा रे धाकल्या. जा तुझ्या इमानात."

"तू चढल्याबिगर नाय."

"मी नाय चढत."

"मंग मी पन नाय."

दोघं लहान पोरांसारखी बसली. खरं सांगते, मला हसू आलं असतं, पण सावळारामचं तोंड बघितलं आणि आलं नाही. त्याचा फोन वाजला. दिल्ली. त्यानं तो दादापुढं धरला, जसा डॉक्टर रिपोर्ट दाखवतो तसा. दादानं घेतला.

"हां भाई. नहीं, एअरपोर्ट पे नहीं. मुरबाड." पलीकडून कोणीतरी खूप बोललं. दादा ऐकत होता. मग शांतपणे बोलला, "मेरी गिनती में एक कम है. मिल गई है, पर अभी चढ़ी नहीं. वो चढ़ेगी तो मैं निकलूँगा." परत पलीकडून बडबड. "जानता हूँ. नाम काट देंगे तो काट दो."

फोन सावळारामला दिला. सावळाराम विटांच्या ढिगावर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. मला त्याची पण दया आली. सहा महिने पायात चप्पल नीट घातली नव्हती त्या माणसानं, एवढा पळाला होता.

मावशी दादाकडं टक लावून बघत होती. "काय बोलला तू त्यांना?"

"एक मानूस कमी हाय बोललो."

"मी?"

"हां. तू."

ती बोटांनी माती उकरायला लागली. दादा उठला. पँट झटकली नाही. ट्रकचा फाळका जिथं होता तिथं जाऊन उभा राहिला. तिथं चाकांच्या खुणा होत्या. आणि त्यानं हाक मारली. हँगरमध्ये इंजिन चालू असताना मारत असेल तशी, पार नदीपलीकडं गेली.

"ठकी!"

ती हलली नाही.

"ठकी!"

"त्याचं पन घे," ती खाली बघूनच बोलली.

"काय?"

"धाऊचं. शिमग्यापरेंत काम केलंय त्यानं. फुकाट नाय गेला. त्याचं नाव आधी घे."

बुधू राखणदारानं डोक्यावरची टोपी काढली. कशाला काढली त्याला पण माहीत नसेल. दादानं परत हाक मारली.

"धाऊ!"

"हाय," मावशी बोलली.

"ठकी!"

"हाय."

आणि ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण कोणाचा हात न धरता. मी गाठोडं उचलायला पुढं झाले तर माझा हात झटकला. "कोंबडी घे आधी. पाय बांधलेत तिचे, उलटी धरू नको." जसं काय सकाळपासून काही झालंच नव्हतं.

तरी लगेच निघालो नाही. ती नदीवर गेली, खडकाजवळ बसली, तोंड धुतलं. मग बुधूची भाकर खाल्ली, दोन. सावळाराम आता घड्याळ बघत नव्हता. विमान गेलं होतं, त्याच्या तोंडावरून सरळ दिसत होतं. गाडीत मागं बसवायला लागले तर मावशी बोलली, "मी मागं नाय बसत, मळमळतं." म्हणून ती पुढं, सावळारामच्या शेजारी, आणि देशाचा होता होता राहिलेला अध्यक्ष मागं, माझ्या बाजूला, मांडीवर गाठोडं घेऊन.

"विमानाचा इंजिनेर आन् विमान चुकलं," सावळाराम बोलला. "उद्या पेपरात ह्येच येनार दादा. मोठ्या अक्षरात."

"येऊ दे. खोटं थोडंच हाय?"

सरळगावच्या नाक्यावर सावळारामनं गाडी थांबवली. चहा प्यायचा बोलला. मला माहीत होतं, त्याला फोन करायचा होता. दिल्लीत हॉलमध्ये त्याचा एक दोस्त होता, त्यानं फोन चालूच ठेवला आणि सावळारामनं आवाज मोठा करून बोनेटवर ठेवला. आंबेवाल्या दोन बाया, टमटमवाले, चहावाला, सगळे कान देऊन उभे राहिले. फोनमधून नुसता गोंगाट. माइकवर एक म्हातारा माणूस शांत व्हा, शांत व्हा करत होता. मग त्यानं दादाचं नाव घेतलं.

"ग़ैरहाज़िर!" कोणतरी ओरडलं. मग पाच-पन्नास जण ओरडले. "ग़ैरहाज़िर! अगला नाम लो!"

सावळारामनं डोळे मिटले.

तेवढ्यात एक बाई बोलायला लागली. माइकवर नव्हती, लांबून येत होता आवाज, पण काय आवाज! ती पण कुठल्यातरी भट्टीवरची, झारखंडची का कुठची. "पहले ये बताओ," ती बोलली, "वो औरत मिली कि नहीं मिली?"

ओरडणारे खाली बसले. नंतर कळलं, दादाचं फोनवरचं बोलणं दुपारपासून पूर्ण हॉलभर फिरलं होतं. चहाच्या रांगेत, जेवणाच्या पंगतीत, सगळीकडं तेच. गिनती में एक कम है. जिथं जिथं नवऱ्याच्या नावावर जोडी चढते, तिथल्या बायांना कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

"सावळाराम भाई, सुन रहे हो?" दोस्त फोनमध्ये कुजबुजला. "माइकवाले बाबूजी पूछ रहे हैं, मिली क्या?"

दादानं फोन उचलला आणि गाडीच्या खिडकीतून मावशीपुढं धरला.

"काय करू याचं?" मावशी बोलली.

"विचारतात, मिळाली का. सांग."

मावशीनं फोन घमेल्यासारखा दोन्ही हातांनी धरला. "हॅलो. मी ठकी बोलते. मी हितं गाडीत हाय. पुढं बसलीय."

आणि मग फोनमधून असा आवाज आला की चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. टाळ्या होत्या की बाकं वाजवत होते, काय माहीत. त्या म्हाताऱ्यानं माइकवर विचारलं, हजेरी फोनवरून घ्यायची का, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. आम्हाला हात दिसत नव्हते. पण दोस्त रडत का हसत ओरडत होता, "सब! पूरा हॉल! दीदी लोग तो दोनों हाथ उठा रही हैं!" दुसऱ्या गटाच्या माणसांनी पण उचलले, तो म्हणाला. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी.

म्हाताऱ्यानं परत दादाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

दादा नुसता उभा. पान्हा हरवला तेव्हा मंत्र्याला नाही म्हणणारा माणूस, निवडणुकीत लाख लोकांपुढं बोलणारा, आणि आता ओठ हलतायत, आवाज नाही.

मावशीनं खिडकीतून हात काढून त्याला रट्टा मारला. "बोल ना रे मेल्या! नाव घेतात तुजं!"

"हाज़िर," दादा बोलला. "हाज़िर हूँ."

मग मतं झाली, मोजली, ते सगळं तासभर चाललं. आम्ही तिथंच. आंबेवालीनं आंबे कापून दिले, फुकट. निकाल लागला तेव्हा सावळाराम नाक्यावर नाचला. एकटाच, बूट घालून, चिखलात पडेपर्यंत. चहावाल्याच्या टाकीजवळचा चिखल तो. टमटमवाल्यांनी भोंगे वाजवले. मी पण ओरडले, घसा बसेपर्यंत. आमच्या पाड्यातला माणूस! नकाशात आमचा पाडा शोधून दाखवा मला आधी, आणि तिथला माणूस देशाच्या पक्षाचा अध्यक्ष! जे गाडी थांबवून विचारत होते काय झालं, त्यांना मीच सांगत होते. दादा मात्र गाडीला टेकून कोंबडीला पाणी पाजत होता, बिसलरीच्या झाकणातून.

पाड्यात आमच्या आधी बातमी पोचलेली. ऊन उतरलं होतं. ढोल, ताशा, गुलाल, शहापूरहून फोटोवाला आलेला, म्हादू मुकादम सगळ्यांत पुढं हार घेऊन. सकाळची लाल धूळ कोणी अंगावरून काढली नव्हती, तशीच नाचत होती सगळी. गाडी दिसली तसा ढोल असा घुमला की कोंबडीनं माझ्या मांडीवर घाण केली.

सगळे मागच्या दाराकडं धावले. पण आधी पुढचं दार उघडलं, आणि ठकीमावशी उतरली.

ढोल थांबला. कोणी थांबवला नाही. वाजवणाऱ्यानं तिला बघितलं आणि त्याचे हात खाली आले. म्हादू हार घेऊन तसाच उभा राहिला, मग तो हळूच पाठीमागं केला.

बाहेर मेलेल्या माणसासाठी आमच्याकडं बाया तेव्हाच रडत नाहीत. भट्टीवर तर काम असतं, तिथं रडायला कोण देतो. त्याची बायको पाड्यात परत येते, शिवेच्या आत पाय ठेवते, तेव्हा रडायचं असतं. निर्मलाकाकी पुढं झाली, तिनं मावशीच्या गळ्यात हात टाकला आणि धाऊमामाचं नाव घेऊन गळा काढला. मग एक एक करत सगळ्या. गुलालाची ताटं खाली जमिनीवर. माझी आई रडली, मी रडले. मावशी सगळ्यांत शेवटी रडली, आणि थोडंच.

दादा मागच्या दारानं उतरला होता. गाठोडं त्याच्या डोक्यावर, घमेलं हातात, कोंबडी काखेत. फोटोवाला पुढं सरकला. "दादा, सामान खाली ठेवा ना, एक फोटो. हार घालताना."

"तिला पोचू दे आधी," दादा बोलला.

मावशी घराकडं निघाली, मागून बाया, बायांच्या मागं दादा. मावशीच्या दाराला कुलूप नाही, कडीला तार बांधलेली. दिवाळीला निघताना धाऊमामानं बांधलेली, पक्कडीनं पिळे देऊन, एकावर एक घट्ट. दादानं ती बघितली. एका हातानं सोडवली असती त्यानं, आयुष्यभर तारा पिळल्यात आणि सोडवल्यात. हात पुढं केला पण त्यानं. मग मागं घेतला आणि बाजूला झाला.

मावशीनं एक एक पिळा उलगडला. घाई नाही. मधे एकदा तार टोचली, तिनं बोट तोंडात घातलं आणि परत लागली. सगळी तार सुटल्यावर ती टाकली नाही. गुंडाळी केली आणि कमरेला खोचली. दार ढकललं, आत गेली.

आम्ही सगळे अंगणात. आतून झाडूचा आवाज यायला लागला.

"दादा, वाजवू का?" ढोलवाल्या पोरानं बारीक आवाजात विचारलं.

"मला काय इचारतो? तिला इचार."

पण विचारायची गरज पडली नाही. झाडू थांबला आणि आतून मावशी ओरडली, "काय सगळी मेली का काय? तो ढोल कशाला बडवायला आनलाय मंग? धाकल्या जिकला ना!"

आणि मग जे सुरू झालं! ढोल, ताशा, शिट्ट्या, गुलाल असा उधळला की झाडं लाल झाली. म्हादूनं हार घालायला हात वर केले, पण दादाच्या डोक्यावर गाठोडं, हार अडकेना. "उतरवा ना दादा," सगळे ओरडत होते. दादा हसत होता, गुलालानं डोळे मिटलेले, पण उतरवलं नाही. आत झाडून होईपर्यंत तो तसाच उभा होता तिच्या दारात, मावशी बाहेर येऊन सामान घेईल म्हणून.